सईच्या शाळेतली उद्घोषणा

न सांगता घडलेल्या गोष्टींना माफ करणारी माणसं पुण्यात असतील, पण माझे मामेसासरे त्यांत कधीच नव्हते. स्वारगेटच्या स्टँडवर एकतीस वर्षं त्यांनी माइकवरून गाड्या पुकारल्या. निवृत्त होताना माइक तेवढा तिथे ठेवला, पुकारणं घरी घेऊन आले. "मी चार मिनिटांनी अंघोळीला जातोय," हे ते रिकाम्या घरालाही सांगत. फोनवर आधी "सहा मिनिटं बोलणार आहे," आणि मग "कशी आहेस?" माझ्या दिरासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा "आम्ही पाच पंचावन्नला उठू" असं त्यांनी दारातच जाहीर केलं, आणि पाच पंचावन्नला हातातली पोह्यांची बशी तशीच ठेवून उठले. लग्न जमलं ते मुलीच्या समजूतदारपणामुळे. बुधवार पेठेत गणपतीच्या रांगेत मागच्या अनोळखी लोकांना ते "अजून पस्तीस मिनिटं" असं सांगत पुढे सरकायचे. लोक घड्याळ लावून बघायचे आणि बहुतेक वेळा मामाच बरोबर निघायचे. "गाडी उशिरा आली म्हणून माणूस चिडत नाही गं," ते मला म्हणत, "कुणी सांगत नाही म्हणून चिडतो."

मला हे सगळं थट्टेवारी न्यावंसं वाटे, ते माझी मुलगी सई दुसरीत जाईपर्यंत. अवचित काही बदललं की सई कानांवर हात दाबून बाकाखाली शिरायची आणि किंचाळायची. चित्रकलेच्या तासाला बाईंनी गणित काढलं, की झालंच. डॉक्टर म्हणाले, स्वमग्नता असू शकते, पण पक्कं सांगायला नीट तपासणी लागेल, चार महिन्यांनी या. शाळा म्हणाली, डॉक्टरांचा कागद असेल तर मदत करू, नाहीतर दिवाळीनंतर दुसरी शाळा बघा. नारायण पेठेतली ती शाळा सईला आवडत होती. किंचाळणाऱ्या मुलीला शाळा आवडते, हे कुणाला सांगून पटणार? त्या दिवशी मी ओट्याला टेकून रडले.

मामा शेजारच्याच इमारतीत राहायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्याकडे ती कधी किंचाळली आहे का?" मी आठवून पाहिलं. एकदाही नाही. "उद्या अकरा दहाला शाळेत जाऊ," असं सांगून ते गेले.

"ही बैठक वीस मिनिटं चालेल," मामांनी खुर्चीवर बसता बसता सांगितलं. मुख्याध्यापिकांच्या कपाळाला आठी पडली. त्या खोलीत असल्या घोषणा करायचा मान त्यांचा होता. सईच्या वर्गशिक्षिका शेजारी उभ्या होत्या.

"कागद आल्याशिवाय आम्ही काय करणार?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"बाई, गाडीला काय झालंय ते वर्कशॉप सांगेल. तोवर प्रवाशाला स्टँडवरून हाकलायचं का?"

"अहो, वर्गात बेचाळीस मुलं आहेत. एकीसाठी वेगळं कसं करायचं?"

"वेगळं काही नकोच. फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचे तास क्रमाने लिहा. तास बदलायच्या पाच मिनिटं आधी सांगा. अगदीच सहन झालं नाही तर तिला दाराशी जरा बसू द्या. आणि तुमच्या विशेष शिक्षिका गुरुवारी येतात म्हणे, त्यांनी हिला बघावं. कागद आला की फाइलला लावा."

मुख्याध्यापिकांनी वर्गशिक्षिकांकडे पाहिलं. "जमेल का हो?" त्यांचा आवाज उतरला होता. वर्गशिक्षिका हो म्हणायच्या बेतात होत्या आणि नेमकी वीस मिनिटं संपली. मामा उठले. मी आयुष्यात पहिल्यांदा एका वडीलधाऱ्या माणसाचा सदरा ओढून त्यांना खाली बसवलं.

"गाडी चार मिनिटं उशिरा सुटेल," ते नाइलाजाने म्हणाले. त्या चार मिनिटांत सगळं कागदावर आलं, सहीसकट.

पहिल्या आठवड्यात सई दोनदा बाकाखाली गेली, पुढच्या आठवड्यात एकदा. गुरुवारच्या बाईंशी तिची गट्टी जमली. "बाकीची एक्केचाळीसही जरा शांत झालीत," वर्गशिक्षिका मला म्हणाल्या, जरा नाखुशीनेच. डॉक्टरांचा कागद पुढे यथावकाश आला. त्यात वाटत होतं तेच होतं, पण तोवर दिवाळी होऊन गेली होती आणि सई त्याच शाळेत, त्याच बाकावर होती. दुसरी शाळा बघा असं पुन्हा कुणी म्हणालं नाही.

या उन्हाळ्यात गुडघ्यांनी दगा दिला आणि मामा मुलाकडे कोल्हापूरला गेले. जूनमध्ये सईला तिसरीच्या नव्या बाई आल्या. त्यांना आधी भेटून सगळं सांगायचं मी ठरवलं होतं, पण पहिल्याच दिवशी मला पोचायला उशीर झाला. धावत वर्गाच्या दाराशी गेले तर फळा कोरा होता आणि सई हात वर करून उभी होती. "बाई, मला आधी सांगावं लागतं," ती म्हणत होती. "यानंतर काय आहे?" बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, खडू उचलला आणि लिहायला लागल्या.

तिथूनच मी मामांना फोन लावून हे सांगितलं. किती मिनिटं बोलायचं ते या वेळी त्यांनी जाहीर केलं नाही, आणि मीही फोन ठेवला नाही.