टोल्युइनशिवाय एक बॅच

अंबरनाथच्या कारखान्यात आमचं पॉलिमर टोल्युइन या उग्र वासाच्या द्रावकात बनायचं. प्लांट मॅनेजर झाकण उघडून काचेच्या कांडीवर नमुना घ्यायचे आणि दोन बोटांत तार ओढून बघायचे. तार तुटली नाही की बॅच तयार. लॅबचा निकाल नंतर यायचा. त्याला कोणी विचारत नसे.

दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर मालकांनी जाड पोलादाचा एक लहान रिॲक्टर घेतला. त्यात टोल्युइनऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरायचा होता. ठरावीक दाब आणि उष्णतेच्या वर तो धड वायू राहत नाही, धड द्रवही होत नाही, पण द्रावकाचं काम करतो. सोबत घातलेलं एक संयुग पॉलिमरच्या साखळ्यांना लगाम घालतं, म्हणून त्या जवळपास सारख्या लांबीच्या वाढतात. शेवटी दाब सावकाश उतरवला की कोरडी पूड उरते. हे काम माझ्याकडे होतं. ग्राहकासमोरची बॅच साधली तर रिॲक्टर राहील, नाहीतर विकून टाकू, असं मालकांनी बजावलं होतं.

"सोड्याच्या बाटलीत प्लास्टिक शिजवतोय," मॅनेजर कॅन्टीनमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे. "याचा माणसांवर विश्वास नाही. मीटरवर आहे."

ग्राहक येणार त्या सकाळी मी त्यांना सांगितलं, "साहेब, संध्याकाळपर्यंत व्हॉल्व्हला हात लावू नका."

"मला शिकवू नकोस."

दुपारी मी आणि मालक ग्राहकाला लॅब दाखवत होतो. तेवढ्यात शिट्टीसारखा लांबलचक आवाज आला. तार बघायची म्हणून मॅनेजरांनी दाब सोडला होता. आम्ही पोचलो तेव्हा ते झाकणाचे शेवटचे बोल्ट काढत होते. आत पूड नव्हती. चिकट, जाळीदार गोळा होता.

"घ्या. पाव झाला," मॅनेजर म्हणाले.

"तुम्ही मधेच उघडलंत."

"मग? हाताला दाखवायला लाजणारी बॅच कसली?"

"साईं, झगडा बाद में," मालक मला म्हणाले. मालक सिंधी, उल्हासनगरच्या दुकानात बोलावं तसंच ते कारखान्यातही बोलत. मग ग्राहकाकडे वळले. "ये तो ट्रायल था. टोल्युइनवाला माल पक्का है."

ग्राहकाने तोच माल घेतला. रिॲक्टर विकला गेला. मालकांनी मॅनेजरांना एका शब्दाने विचारलं नाही, आणि मी मॅनेजरांशी कामापलीकडे पुन्हा बोललो नाही. मला परत टोल्युइनच्या जुन्या विभागात पाठवलं. बदलापूरला, शिरगावच्या घरी, बायको वासामुळे माझे कपडे पुन्हा वेगळे भिजवू लागली.