पोफळ लांब गेली

दिवाळीनंतर आमच्या ह्यांचा उजवा खांदा धरला. हात डोक्याच्या वर जाईना. सदरा घालतानाही तोंड वेडंवाकडं व्हायचं. श्रीवर्धनजवळच्या आमच्या वाडीत सुपारी पिकून तांबडी झालेली, आणि ती उतरवणारा माणूस हात छातीशी धरून पडवीत बसलेला.

डॉक्टरांनी खांदा फिरवून पाहिला आणि सुजेवरची जोरकस गोळी दिली. "जेवल्यावरच घ्या. थोडं गरगरेल, तेव्हा गाडी चालवू नका."

"गाडी हाय कुठं आमच्याकडं?" हे म्हणाले. आम्ही तिघंही हसलो.

गोळीनं गुण दिला. हात वर जाऊ लागला, रात्री झोप लागू लागली. पण माणूस मला वेगळाच वाटायला लागला. बोलता बोलता शब्द अडायचा. समोरच्या अडकित्त्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ते... ते दे गं." चहा बशीत ओतताना धार बशीबाहेर. विचारलं तर म्हणाले, "डोक्यात कापूस भरल्यासारखं झालंय. जाईल."

मला घरात बसवेना. ही लकव्याची सुरुवात तर नव्हे? मी त्यांना समोर उभं करून दोन्ही हात वर करायला लावले, मग हसायला लावलं.

"येडी झालीस का?"

हात सारखे वर गेले, तोंडही सरळ. तरी माझं मन थाऱ्यावर येईना. भात उतू गेला, तेही मला शेजारणीनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ह्यांनी कोयती कमरेला लावली.

"आज नको," मी म्हटलं.

"दुखत न्हाय आता. सुपारी गळून चाललीय सगळी."

मी हातातलं काम टाकून मागोमाग गेले. पोफळीवर चढणारा प्रत्येक झाडाला खाली उतरत नाही. शेंड्याशी बसून झाड हलवतो, झोका घेतो आणि शेजारची पोफळ पकडून तिच्यावर जातो. हे तरुणपणापासून असंच करत आलेले. मी इतकी वर्षं खाली सुपारी गोळा केली, पण वर कधी मान करून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मान खाली होईना.

पहिल्या झाडाचे घोस नीट उतरले. मग झोका घेतला, हात लांबवला, आणि बोटं पोफळीच्या अलीकडेच मिटली. हवेत. झाड मागे आलं. पुन्हा झोका, पुन्हा तेच. कोयती सुटून माझ्यापासून हातभर अंतरावर मातीत घुसली.

वरून शांत आवाज आला, "ही पोफळ लांब गेली काय गं?"

मी खोडाशी धावले. "झोका नको! खोड धरा. तसेच खाली या."

"कुठला पाय आधी?"

पंचवीस वर्षं झाडावर काढलेला माणूस मला हे विचारत होता. मी ओरडून ओरडून एकेक पाय सांगितला. खाली आल्यावर ते माझ्या खांद्यावर हात टाकून मटकन बसले. घामानं चिंब झालेले.

शेजारच्या भाईंनी रिक्षा काढली. ते दुबईहून कायमचे परत आलेले, बोलके गृहस्थ, पण त्या दिवशी अख्ख्या रस्त्यात एकच वाक्य बोलले, "वहिनी, अल्लाह खैर करेल, घाबरू नका."

डॉक्टरांनी डोळे, हातपाय, रक्तदाब, सगळं तपासलं. बोट नाकाला लावायला सांगितलं, तर ह्यांचं बोट गालाला लागलं. "लकवा नाही," ते म्हणाले. "या गोळीनं काहींचं डोकं असं जड होतं, हातापायांचा अंदाज चुकतो. मी गाडीचं बोललो. झाडाचं विचारायला हवं होतं." त्यांनी गोळी बंद केली, दुसरी साधी दिली आणि खांद्याला शेक सांगितला.

एक-दोन दिवसांत बोलणं मोकळं झालं. खांदा मात्र पुन्हा ठणकू लागला. सुपारी म्हसळ्याकडच्या एका गड्याकडून उतरवून घेतली. हे खाली उभे राहून त्याला इतक्या सूचना देत की शेवटी तो म्हणाला, "काका, तुम्ही घरी जावा."

यंदा पुन्हा स्वतःच चढतात. ती गोळी आता घेत नाहीत, त्यामुळे झोका घेताना खांदा दुखतो आणि वरून कण्हणं ऐकू येतं. ते ऐकू येत असलं की मी सुपारी गोळा करते. थांबलं की वर बघते.