बाटलीवरचं नाव

सोलापुरात बसून खोल समुद्रातले जीव ओळखणारा माणूस लोकांना थोडा सटकलेलाच वाटतो, आणि त्यांचं फारसं चुकतं असं नाही.

मी कॉलेजातून निवृत्त झालो त्याच वर्षी बायको गेली. पुढं काही महिन्यांनी संशोधनाच्या जहाजावर काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं अल्कोहोल भरलेली बाटली पाठवली. आत वीतभर फांदी. दिसायला झाड, पण प्राणी, आणि तोही एक नव्हे, शेकडो. दांड्यावर बारीक पेले, प्रत्येक पेल्यात एक तोंड, आणि एकानं खाल्लेलं सगळ्यांच्या अंगी लागतं. याला हायड्रॉइड म्हणतात. एकटाच वरणभात कालवत बसलेलो असताना मला त्या फांदीचा चक्क राग यायचा.

दांडा आणि पेले एका जुन्या जातीशी जुळत होते. पण पिल्लं वाढतात त्या कुप्या काही जुळेनात, आणि जात ठरवताना कुप्यांची साक्ष मोठी. म्हणजे जात नवी! नवीचं वर्णन करील त्यानं तिला नाव द्यायचं. लग्नानंतर एकदा मी ऐटीत बायकोला म्हणालो होतो, "एखाद्या समुद्री जीवाला तुझं नाव देईन."

"आधी समुद्र तर दाखवा," ती म्हणाली होती. तो राहूनच गेला.

मी चिठ्ठीवर तिचं नाव लिहून बाटलीला चिकटवलं आणि दोन वर्षं त्या फांदीची चित्रं काढत बसलो.

शेजारच्या तेलुगू बाईंचा जन्म टॉवेलच्या कारखान्यात तुटलेले धागे सांधण्यात गेला. एका दुपारी शेंगाचटणी द्यायला आल्या आणि म्हणाल्या, "सर, दिवसभर काय बघता हो यात?" मी कौतुकानं सूक्ष्मदर्शक पुढं केला. एक डोळा मिटून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"ही बोंडं याची न्हाईत की, सर. धागा दुसरा हाय. वरनं नुसता गुंडाळलाय, सांधा कुटंच न्हाय."

मी हसलो. त्या गेल्यावर मात्र सुईनं हलकेच उचकून पाहिलं. केसाहून बारीक दोरा कुप्यांसकट दांड्यावरून सुटून आला. दुसराच हायड्रॉइड याच्या अंगावर वाढला होता, आणि तोही पुस्तकात सापडला. असा परका दोरा आधी तपासा म्हणून मी वर्षानुवर्षं मुलांना दटावत आलो. मला तो दिसला नाही, कारण मला तो बघायचाच नव्हता. कुप्या वगळल्यावर फांदीही जुनीच निघाली, कुणीतरी केव्हाच नाव देऊन ठेवलेली.

विद्यार्थिनीला तसं कळवलं. मग ओल्या फडक्यानं बाटलीवरची चिठ्ठी सोडवायला बसलो. रेशनकार्डावरून बायकोचं नाव मीच अर्ज देऊन कमी केलं होतं, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. या वेळी चिठ्ठी निघेपर्यंत मी रडत होतो.