आरसे धुतलेलं पाणी

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. नोकरीत खून, दरोडे पाहिले, त्यांच्या हकिकती मी चारचौघांत रंगवून सांगतो. ही मात्र घरातसुद्धा कधी सांगितली नाही.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. बीड जिल्ह्यात धारूरच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमच्या हद्दीत डोंगरपायथ्याच्या माळावर सहकारी तत्त्वावर उन्हाचा वीजप्रकल्प उभा राहिला होता. मधोमध उंच मनोरा आणि भोवती नजर पोचेल तिथवर खोलीएवढाले आरसे. ते दिवसभर सूर्यामागं फिरत आणि सगळं ऊन मनोऱ्याच्या माथ्यावर फेकत. त्या आचेवर पाण्याची वाफ होई आणि वाफेवर वीज. प्रकल्पाचे चेअरमन प्रत्येक भाषणात म्हणत, "ऊस वाळला तरी ऊन वाळत नाही." टाळ्या हमखास पडत.

पण आरशावर धूळ बसली की वीज घटते. म्हणून दिवस मावळल्यावर ओळीओळीनं आरसे धुवावे लागत. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं काचेवर डाग पडतात, तेव्हा आरशांसाठी शुद्ध केलेलं गोडं पाणी यायचं. कुंपणापलीकडच्या गावाला आठवड्यात एखादा टँकर मिळे, तोही खाऱ्या पाण्याचा. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

एके दिवशी चेअरमन फिर्याद घेऊन आले. कुंपणालगतच्या शेवटच्या ओळीतल्या आरशांवर कुणीतरी वारंवार राख फासत होतं. "निवडणूक तोंडावर आलीय. विरोधी पॅनेलचा घातपात आहे हा," ते म्हणाले. आमच्या खबऱ्यानंही त्याच पॅनेलच्या एका माजी संचालकाचं नाव दिलं. खबऱ्या चेअरमनच्याच हॉटेलात चहा प्यायचा, हे मला माहीत होतं. तरी मी त्या माजी संचालकाला ठाण्यात बोलावलं.

गडी आडदांड होता. मी दरडावून, समजावून, सगळ्या तऱ्हांनी विचारलं. त्यानं शांतपणे तंबाखू मळली आणि म्हणाला, "साहेब, मला वाटोळंच करायचं असतं तर राख कशाला फेकली असती? दगड काय म्हाग झालेत का?"

मी त्याला जायला सांगितलं, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. हवालदाराला घेऊन पुन्हा घटनास्थळी गेलो आणि या खेपेला राख बोटांत धरून पाहिली. ती मैद्यासारखी मऊ होती, एक खडा नाही की कोळशाचा तुकडा नाही. कुणीतरी ती चाळून आणली होती. ज्याला नुकसान करायचं असतं, तो काचेला ओरखडा येऊ नये म्हणून जपत नाही.

हवालदार जुना, इथल्याच मातीतला माणूस. तो आरशांकडं पाहतच नव्हता, जमिनीकडं पाहत होता. "साहेब, उतार बघा," तो म्हणाला. धुतलेलं पाणी त्या शेवटच्या ओळीखालून कुंपणाबाहेर निघत होतं. बाहेर बाभळीच्या फांद्यांखाली एक खड्डा होता आणि खड्ड्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला होता. मग सगळं लक्षात आलं. या ओळीची धुण्याची पाळी फार दिवसांनी यायची. पण आरसा राखेनं माखला की त्याच संध्याकाळी धुण्याचा टँकर तिथं यायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दबा धरून बसलो. फटफटायच्या सुमारास एक म्हातारी तारेखालून आत आली. तिच्या हातात पिठाची चाळणी होती. उंबऱ्यावर रांगोळी घालावी तशी ती रात्री आडव्या करून ठेवलेल्या आरशावर निगुतीनं राख पेरत होती. मी पुढं झालो. ती दचकली, पण पळाली नाही. चाळणी माझ्यापुढं धरून म्हणाली, "काचंला चरा पडू न्हाई म्हून चाळून घेती, साहेब."

"पाणी कशाला लागतं?"

"सून बाळंतीण हाय. खाऱ्या पाण्यानं लेकराचं अंग उलतंय. प्यायला न्हाई नेत, निस्तं न्हाणीला."

तिच्या घरी गेलो. पोलीस दारात आले तरी रीत चुकली नाही. सुनेनं डोक्यावर पदर घेतला आणि आम्हाला तांब्याभर पाणी दिलं. आम्ही ते प्यालोही. झोळीत बाळ होतं, त्याच्या गालांवर, मानेवर लाल चट्टे होते. भिंतीशी फडकं बांधलेले तीन हंडे होते. राख खाली बसून वर पाणी नितळ झालं होतं.

तोवर चेअरमनची गाडी आली. ते अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "मुद्देमाल सापडलाच आहे, तर जप्त करा."

हवालदार माझ्या कानाशी लागला. "साहेब, बाटलीभर नमुना घेतला तरी भागतंय."

भागलं असतं. कायद्यानंही आणि माणुसकीनंही. पण चेअरमन बघत होते आणि मला बदली नको होती. मी दोन पंच बोलावले, पंचनामा केला आणि तिन्ही हंडे जीपमध्ये चढवले. म्हातारीला अटक केली नाही, नोटीस देऊन सोडलं. तेव्हा मी यालाच मोठं मन समजत होतो. ती एवढंच म्हणाली, "आजच्यापुरता एक तरी ठिवा की, साहेब." मी जीपमध्ये जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बीडला बैठकीला जायचं होतं. क्वार्टरमध्ये शिपायानं आंघोळीचं पाणी काढलं होतं. खाऱ्या पाण्यात साबण नुसता चिकटतो. त्या दिवशी मात्र फेस असा आला, की मी गाणं गुणगुणत आंघोळ केली. चांगली बादलीभर पाण्यानं.

कपडे करून ठाण्यात आलो तर मुद्देमालाच्या खोलीशी तिन्ही हंडे रिकामे, पालथे घातलेले. हवालदार मान खाली घालून उभा होता.

"पोलीस लाइनीत टँकर आला न्हाई, साहेब. तुमाला बैठकीला जायचं हुतं, म्हून शिपायानं एक तुमच्याकडं आनला. उरलेले पोरांनी वापरले."

माझ्या अंगाला अजून साबणाचा वास येत होता. मला स्वतःच्या कातडीची शिसारी आली. मी कागदावर 'उष्णतेने पाणी आटले' अशी नोंद केली आणि खाली सही केली. मग बैठकीला गेलो. तिथं गुन्हा लवकर उघडकीस आणल्याबद्दल माझं कौतुक झालं.

पुढं गावात कुजबुज वाढली. बाळंतिणीचं पाणी उचललं म्हणून मतं जातील, अशी धास्ती चेअरमनना पडली आणि त्यांनीच प्रकरण मिटवून घेतलं. हंडे परत करायचे होते. ते काम हवालदारावर सोपवता आलं असतं. पण मी स्वतः गेलो, तेवढी तरी लाज शिल्लक होती.

म्हातारीनं हंडे उतरवून घेतले. एकात डोकावून तिनं विचारलं, "पानी?"

"आटलं," मी म्हणालो. "ऊन फार आहे ना."

तिनं हात आत घालून हंड्याच्या तळावरून फिरवला, बाहेर काढला आणि नाकाशी नेला. आमच्या शिपायानं साबणाचे हात तसेच हंड्यात बुडवले असणार. तिनं माझ्याकडं पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"व्हय," ती म्हणाली. "ऊन लई हाय, साहेब."

एवढं बोलून ती आत वळली आणि सुनेला म्हणाली, "साहेबास्नी पानी दे गं."

आरोपी खोटं बोलतोय हे डोळ्यांवरून ओळखावं, असं मी पुढं कित्येक नव्या पोरांना शिकवलं. ते मी त्या अंगणात शिकलो, पण डोळे माझे होते आणि ओळखणारी ती होती. तिनं ओळखलं आणि सोडून दिलं. सुनेनं पुढं केलेला तांब्या मी घेतला. ते प्यायचा मला हक्क नव्हता, पण ओतून देणं तर त्याहून वाईट झालं असतं. मी ते सगळं पाणी तिथं उभ्या उभ्या प्यालो.