सोनूबायचे चिंचोके

प्रिय ओजस आणि रेवा,

मागच्या रविवारी तुम्ही दोघं फोनवर माझ्यासमोर पंचवीस मिनिटं भांडलात. टीव्हीवरच्या तुमच्या त्या विनोदी कार्यक्रमातले जुने लोक गेले, नवे आले, आणि ओजसच्या मते कार्यक्रम मेला. रेवाचं म्हणणं, जुनेही सुरुवातीला असेच होते. मग ओजसनं सांगितलं की नव्यांना काढा, अशा अर्जावर त्यानं सही केली आहे. मी त्या वेळी काही बोलले नाही, कारण तुम्ही मला बोलू दिलं नाहीत. म्हणून आता लिहिते. असाच एक अर्ज साठ वर्षांपूर्वी पालघरला माझ्या ओटीवर लिहिला गेला. त्या अर्जाला पुरून उरलेली बाई तुम्ही पाहिलेली नाही. ती तुम्हाला ठाऊक असायला हवी.

तिचं नाव सोनूबाय. मी ज्या शाळेत इंग्रजी शिकवत असे, तिथली ती शिपाईण. मूळची जवळच्या पाम गावची. नवरा लवकर गेला, तेव्हा एकुलत्या मुलीला काखेत घेऊन पालघरला आली आणि शाळेमागच्या खोलीत राहिली. आमच्या शाळेची घंटा म्हणजे दोरीला टांगलेला आगगाडीच्या रुळाचा तुकडा होता. सोनूबाय त्यावर लोखंडी सळईनं असा टोला घाली की स्टेशनवरचे हमालही घड्याळ लावत. अंगानं काटकुळी, आवाज मात्र त्या रुळाच्याच जातीचा. मुख्याध्यापकांपासून पहिलीतल्या मुलीपर्यंत सगळ्यांना ती एकाच पट्टीत ओरडे.

आळीत रेडिओ फक्त आमच्याकडे होता. तुमचे आजोबा तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर नकाशे काढत, त्या पगारातून त्यांनी तो आधी घेतला आणि मला मग सांगितलं. दर बुधवारी संध्याकाळी साडेसातला मुंबईहून ‘भेळीचा पुडा’ नावाचा कार्यक्रम लागे. अर्ध्या तासात चार-पाच छोटी प्रहसनं. तो ऐकायला अर्धी आळी आमच्या ओटीवर येई आणि सोनूबाय सर्वांच्या आधी येऊन दाराशी भिंतीला टेकून बसे. डोळे मिटलेले, पुढ्यात पितळी वाटी, डाव्या मुठीत चिंचोके. विनोद आवडला की ती हसत नसे. वाटीत एक चिंचोका टाके. टक्. बस्स.

मी पहिल्यांदा विचारलं, ‘‘सोनूबाय, हसायला काय होतं?’’

‘‘बाई, हसू काय, बाजूचा हसला की आपल्यालाबी येतं. चिंचोका आपल्या हातानं टाकावा लागतो.’’

कार्यक्रम संपला की ती चिंचोके मोजे आणि निकाल सांगे. ‘‘आज सात.’’ किंवा, ‘‘आज दोन. तेबी लाजेकाजेनं.’’ मग ते चिंचोके एका पत्र्याच्या डब्यात जात. दुसऱ्या दिवशी शाळेत, पोस्टात, स्टेशनवर लोक एकमेकांना विचारत, काल किती पडले? अकराच्या वर आकडा गेला की आजोबा कामावर जाताना बोईसरच्या गाडीत ते प्रवेश साभिनय करून दाखवत. वाईट करत, पण करत.

ओटीवरचे दुसरे मानकरी कुलकर्णी मास्तर. साताऱ्याकडचे, संस्कृत शिकवत. विनोद ऐकण्यापूर्वी उपरणं नीट घेत. कार्यक्रमातले बापूराव आणि गंगूताई ही नवराबायकोची जोडी म्हणजे त्यांचं दैवत. बापूराव नुसते खोकले तरी मास्तर मांडीवर थाप मारत. आणि एका बुधवारी ती जोडी गेली. कुणी म्हणालं, मानधनावरून भांडले. कुणी म्हणालं, घशाचा विकार झाला. त्यांच्या जागी एक नवा तरुण आणि एक नवी मुलगी आली.

पहिल्या बुधवारी वाटीत काही पडलं नाही. दुसऱ्या बुधवारीही नाही. मुलगी प्रत्येक वाक्याआधी स्वतःच खुदकन हसे आणि असं नाजूक बोले, की जणू तिच्या तोंडात चांदीचा चमचा ठेवला आहे आणि तो पडू द्यायचा नाही.

‘‘ही विनोद करते आहे की हळदीकुंकवाचं आमंत्रण?’’ मास्तर कडाडले. ‘‘अहो, बापूरावांचा खोकला ऐकावा! त्या खोकल्यात एक विचार होता.’’

‘‘मास्तर,’’ सोनूबाय डोळे न उघडता म्हणाली, ‘‘बापूराव नवे आले तवा तुमीच बोललात, या मानसाला कोनी काढा पाजा.’’

‘‘मी? शक्यच नाही.’’

‘‘पैल्या पाच बुधवारी त्या दोघांचे मिळून तीन चिंचोके. माज्या ध्यानात हाय.’’

मास्तरांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. मास्तर ह्या कलेत निष्णात होते.

तिसऱ्या बुधवारी सगळे गेल्यावर सोनूबाय उठली नाही. वाटी पदरानं पुसत बसली. मग म्हणाली, ‘‘बाई, ती पोरगी माजी इंदू हाय.’’

मी हातातला कप खाली ठेवला. इंदूला मी आठवीत शिकवलं होतं. तिला आईनं मुंबईला नर्सिंग शिकायला धाडलं. वर्षभरात पोरीनं ते सोडलं आणि नाटकवाल्यांत गेली. सोनूबायनं निरोप पाठवला की आता मला तोंड दाखवू नको. त्याला तीन वर्षं झाली होती.

‘‘पोर वस्ताद,’’ सोनूबाय म्हणाली. ‘‘तोंड नाय दाखवलं. आवाज धाडला.’’

‘‘पण मला कसा ओळखू आला नाही?’’

‘‘तुमाला कसा येल? तिनं कोना दुसरीचा गळा घातलाय. मी ओळखली ती बोलायच्या आदी श्वास ओढते त्यावरून. लहानपनी खोटं बोलायच्या आदी तसाच ओढायची.’’ मग वाटी खाली ठेवून, ‘‘तिचा मामा जाऊन आला मुंबईला. तीन म्हैन्यांच्या बोलीवर ठेवलीय. लोकांना आवडली तर कायम, नायतर रस्ता. बाई, कोनाला बोलू नका.’’

मी वचन दिलं. आणि पुढच्याच आठवड्यात कुलकर्णी मास्तरांनी अर्ज काढला. रेडिओ केंद्राच्या संचालकांस सविनय, नवीन कलावतीस त्वरित दूर करून पूर्वीच्या गुणी कलावंतांस पाचारण करावे. भाषा उत्तम होती. पुरावा म्हणून त्यांनी लिहिलं होतं की आमच्या गावी हास्यमापनाची एक निर्दोष पद्धत असून, तीत सदर कलावतीस चार आठवड्यांत एकही गुण मिळालेला नाही. सह्या चाळिसाच्या घरात गेल्या. तुमच्या आजोबांनीही केली, कारण पेन चांगलं होतं म्हणे. पाचव्या बुधवारीही शून्य आलं, की अर्ज गुरुवारच्या टपालानं जाणार होता.

म्हणजे सोनूबायच्याच चिंचोक्यांनी तिच्या मुलीच्या पोटावर पाय येणार होता. तिनं एकदा डोळे मिटून मूठ सैल सोडली असती तर काम झालं असतं. ती सोडणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून ते काम मी केलं.

मुलांनो, तुमची आजी आयुष्यात शिस्तीनं वागली. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलींना मी बाकावर उभं केलं. पण त्या बुधवारी मी स्वयंपाकघरात गेले, चिंचेच्या बरणीतून एक चिंचोका काढला आणि इंदूचा प्रवेश रंगात आला असता – खरं तर तो रंगात येत नव्हता – सोनूबायच्या मागून हात घालून वाटीत टाकला. टक्.

‘‘पडला!’’ आजोबा ओरडले. मास्तरांचा चेहरा पडला. सोनूबायनं डोळे उघडले. कार्यक्रम संपेपर्यंत तिनं वाटीवरची नजर काढली नाही. मग चिंचोका उचलला, बोटांत फिरवला आणि नाकाशी नेला.

‘‘यो माजा नाय. माजे धुऊन वाळवलेले. यो चिकट हाय. याला आमटीचा वास येतो.’’

सगळ्या ओटीनं स्वयंपाकघराकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. त्या आळीत चिंचेची आमटी त्या दिवशी कुणाकडे होती, हे सगळ्यांना वासानं ठाऊक होतं.

‘‘एकूण शून्य,’’ मास्तर म्हणाले आणि उपरणं झटकून उठले.

लोक पांगल्यावर मी चिडले. ‘‘तुमच्यासाठीच केलं ना मी! उद्या अर्ज जाईल. एका चिंचोक्यानं काय बिघडलं असतं?’’

‘‘बाई, तुमी पोरीला इंग्रजीत फुकटचे मार्क दिले कदी?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग माज्या पोरीला कशाला देता? तशी उभी रायली तर जनमभर तिला वाटेल, आपल्याला येतं.’’ मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘‘मास्तरांना सांगा, सोनूबाय बोलली, अजून दोन बुधवार थांबा. बापूरावला आपन पाच बुधवार दिले, हिला सात द्या. आनि कागद घ्या. मी सांगते, तुमी लिवा.’’

मास्तर थांबले. चिंचोक्यांच्या बाबतीत तिच्या शब्दाला त्यांच्याकडेही अपील नव्हतं. वर त्यांना अर्जात एक श्लोक घालायचा होता आणि त्याचं वृत्त जमत नव्हतं.

पत्र मी तिच्या शब्दांत लिहिलं. आमटीनंतर मला काही सुधारण्याचं धैर्य नव्हतं. ‘बाय, हसवनाऱ्यानं आदी हसू नये. सुईन बाळंतिनीच्या आदी कन्हत नाय. यो जो गळा घातलास तो जिचा असेल तिला परत कर. शाळेत शिपायनीची नक्कल केली म्हणून आयशीचा मार खाल्लास, तवा अख्खा वर्ग लोळला होता. तो गळा काढ. इथं संस्कृतचे मास्तर तुला काढायला सह्या जमवतात. जुनं तेच बरं बोलतात, बापूरावच्या खोकल्यात विचार होता बोलतात, आदी तुमीच त्याला नावं ठेवलीत असं ऐकवलं तर बोलतात, मी? शक्यच नाही, आनि आता अर्जात श्लोक घालनार हायेत. दोन बुधवार हायेत.’ खाली नाव नाही. ‘एक ऐकनारी’ एवढंच.

मी विचारलं, ‘‘पाकिटात एक चिंचोका घालू का? तिला बरं वाटेल.’’

‘‘कमवला कुटं तिनं?’’

सहावा बुधवार कोरडा गेला, पण मुलगी वाक्याआधी हसली नाही. सोनूबायची मूठ दोनदा हलली आणि मिटली. मास्तरांचा श्लोक झाला होता.

सातव्या बुधवारी ओटीवर उभं राहायला जागा नव्हती. रेडिओ तापायला नेहमीचा वेळ लागला. निवेदक म्हणाला, प्रवेश पहिला, शाळा. आणि रेडिओतून रुळावर टोला पडल्यासारखा आवाज आला, ‘‘ए भवान्यांनो! आत व्हा! सरस्वती काय तुमच्यासाठी चिंचेखाली थांबनार हाय?’’

हे वाक्य आम्ही रोज सकाळी ऐकत होतो. सगळ्यांचे डोळे सोनूबायकडे. तिचे मिटलेले.

प्रवेश असा होता की शाळेत नवी घंटा येते आणि उपरणं घेतलेले एक गुरुजी ती काढून टाकण्यासाठी सह्या जमवतात. गुरुजी म्हणतात, ‘‘जुन्या घंटेच्या नादात एक विचार होता!’’ शिपाईण म्हणते, ‘‘गुरुजी, त्या घंटेला तुमी फुटका हंडा बोलायचात.’’ गुरुजी म्हणतात, ‘‘मी? शक्यच नाही.’’

टक्.

पहिला चिंचोका इतक्या जोरात पडला की वाटी गरकन फिरली. मग दुसरा. गुरुजींनी अर्जात श्लोक घातला तेव्हा तिसरा, चौथा. लोक हसून एकमेकांवर कोसळत होते. आणि सर्वांत जास्त कोण हसत होतं, सांगा? कुलकर्णी मास्तर. डोळ्यांतून पाणी, उपरणं गळून पडलेलं. ‘‘अहो, अगदी असाच एक मूर्ख आमच्या साताऱ्याच्या शाळेत होता! हुबेहूब!’’

कुणीही त्यांना सांगितलं नाही. आमची आळी दुष्ट नव्हती.

‘‘नऊ,’’ सोनूबायनं निकाल दिला. मास्तरांनी अर्ज घडी करून खिशात टाकला. ‘‘पाहिलंत? आपल्या अर्जाच्या नुसत्या चाहुलीनं मुलगी सुधारली,’’ ते म्हणाले आणि शेवटपर्यंत इंदूला आपण घडवलं असंच सांगत राहिले. अर्जाच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी सहामाहीचं वेळापत्रक केलं. ते वर्षभर शिक्षकांच्या खोलीत लटकत होतं.

सगळे गेल्यावर मी म्हटलं, ‘‘सोनूबाय, मुलीनं साऱ्या मुलखासमोर तुमची टर उडवली, आणि तुम्ही नऊ दिलेत?’’

‘‘धा देनार होती. एकदा माजं नाक जरा जास्तच वाजवलं.’’ तिनं वाटी उलटी करून डब्यात रिकामी केली. माझा तो चिकट चिंचोका तिनं फेकून दिला नव्हता. कनवटीच्या चंचीतला चुना बोटावर घेऊन तिनं त्यावर ठिपका दिला आणि तोही डब्यात टाकला. ‘‘यो वेगळा ओळखू येऊ दे. मोजायला नको.’’

इंदू पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं आली. तीन वर्षांनी आई दिसल्यावर ती दारातच रडायला लागली. सोनूबाय तिला म्हणाली, ‘‘तोंड दाखवलंस, बरं झालं. आदी जेव. मंग शेवटच्या वाक्याला घाई का केलीस ते सांग.’’

सोनूबाय पुष्कळ वर्षांनी गेली, त्याच खोलीत, झोपेत. तोवर तिनं इंदूला एका बुधवारी पंधरा दिले होते आणि दोनदा शून्य. शून्याच्या दोन्ही वेळी इंदू मला म्हणाली की आई बरोबर होती. तेराव्याला डबा तिनंच माझ्या हाती दिला. म्हणाली, बाई, तुमचाही एक आहे यात.

डबा माझ्या कपाटात दुसऱ्या फळीवर डावीकडे आहे. झाकण गंजलं आहे, पण लागतं. चिंचोके सगळे आहेत. चुन्याचा ठिपकाही अजून दिसतो.

तुमची आजी