परमिट परत येईपर्यंत

आमच्या हिनं मला गच्चीवर कुरडया राखायला बसवलं होतं, आणि माझं बूड एका जागी टिकत नव्हतं. पाण्याच्या टाकीपासून जिन्यापर्यंत नुसत्या येरझाऱ्या. खालून ती ओरडली, "अहो, बसा की जरा! कुरडया तुडवाल." बसतोय कसला! लेकीची नोकरी जायची वेळ आली होती, आणि नोकरी गेली की त्या देशात राहायची परवानगीही जाणार होती.

लेक तिकडे समुद्रकाठच्या एका कंट्रोल रूममध्ये कामाला. भर समुद्रात पवनचक्क्या, त्यांची वीज पाण्याखालच्या केबलनं किनाऱ्यावर येते, ती चालू-बंद करायचं काम तिचं. मी सिन्नरकडच्या सबस्टेशनात जन्म काढला तो याच कामात. माझ्या भोवती समुद्राऐवजी कांद्याची शेतं होती, एवढंच. पण तिकडचा एक कायदा माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना. पवनचक्क्या ज्याच्या, त्याला केबल स्वतःकडे ठेवता येत नाही. टाकायची त्यानंच, आणि मग दुसऱ्या कंपनीला विकून मोकळं व्हायचं. का, तर वीज बनवणारा आणि वाहून नेणारा एकच असला तर तो बाकीच्यांची वाट अडवेल. "अगं, मग यांनी टाकायचीच कशाला?" मी विचारलं होतं. ती हसली. "बाबा, तुमच्याकडे तार सरकारची. तुम्हाला कधी प्रश्नच पडला नाही."

त्या दिवशी केबल आणि लेकीची कंट्रोल रूम नव्या मालकाच्या ताब्यात गेली आणि तिथंच घोळ झाला. जुन्या कंपनीची माणसं सकाळीच परमिट घेऊन समुद्रात दुरुस्तीला गेली होती. परमिट म्हणजे लाईन बंद ठेवल्याची लेखी हमी. ज्यानं घेतलं त्यानंच काम आटोपून ते परत द्यायचं, आणि तोवर लाईन चार्ज करायची नाही, म्हणजे वीज सोडायची नाही. परमिट काही परत आलं नव्हतं. नवा मालक म्हणे, ती माणसं आमची नाहीत, जुनी परमिटं संपली, कर चालू. जुना म्हणे, केबल आता आमची नाही, आम्ही काय सांगणार? माणसांचा फोन लागेना. आणि नव्या साहेबानं लेकीला बजावलं, चालू करायची नसेल तर उद्यापासून येऊ नकोस.

तिनं फोनवर हे सगळं एका दमात सांगितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कर बाई चालू. साहेब सांगतोय ना? जबाबदारी त्याची."

ती म्हणाली, "बाबा, सटाण्याची एसटी विसरलात?"

विसरतोय कसला! आमचा फोरमन एकदा परमिट खिशात घालून तसाच सटाण्याच्या गाडीत बसला. घरी भाचीची हळद, त्या धांदलीत काम संपल्याचं सांगायचंच राहून गेलं. इकडे विहिरींवरच्या सगळ्या मोटारी बंद. फाटकाशी शेतकऱ्यांची ही गर्दी. "ओ भाऊ, कांदा जळून चालला, लय झालं आता!" पुढच्या शिव्या लिहिण्यासारख्या नाहीत. साहेब फोनवर गरजत होते, "अरे, तो घरी पोचला असेल, कर चार्ज, नाहीतर सस्पेंड करीन!" मलाही तसंच वाटत होतं, तरी हाताची घडी घालून बसून राहिलो. फोरमन उलट्या गाडीनं आला, गालाला हळद तशीच, परमिट माझ्या हातात ठेवलं, तेव्हा कुठे मी लाईन चार्ज केली. ही गोष्ट मी लेकीला इतक्यांदा ऐकवली की ऐकून ऐकून आमच्या हिला वीट आला होता.

"ते वेगळं होतं," मी म्हणालो.

"काय वेगळं?"

"तेव्हा नोकरी माझी होती गं. आता तुझी आहे."

तिनं फोन ठेवला. खरं सांगतो, समुद्रातल्या त्या माणसांचं मला काही पडलं नव्हतं. मला सामानाची बॅग ओढत परत येणारी माझी पोरगी तेवढी दिसत होती. ही वर आली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "चालू कर म्हणालात? तुम्ही?" मग एकेक कुरडई उलटत राहिली. माझ्याकडे बघेना. मी पुन्हा टाकीपर्यंत गेलो, पुन्हा जिन्यापर्यंत आलो. फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला.

दिवे लागायच्या वेळेला तो वाजला. माणसं सापडली होती. काम संपवून बोटीनं निवांत परत येत होती. मालक बदललाय तर परमिट द्यायचं कुणाला, म्हणून खिशात ठेवून दिलं म्हणे.

"म्हणजे केबलपाशी कुणीच नव्हतं?"

"कुणीच नव्हतं, बाबा. साहेबाचंच खरं निघालं." ती म्हणाली. "परमिट हातात घेतलं, लाईन चार्ज केली, आणि साहेबानं माझं ऑफिसचं कार्ड मागून घेतलं."

ही फोन ओढायला बघत होती. मी सोडला नाही.

"अगं, माझा साहेब तरी कुठे खोटं बोलत होता?" मी म्हणालो. "फोरमन खरंच सटाण्याला पोचला होता. ये तू घरी."