चढावर दिलेला डबा

आधीच सांगून टाकते – मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. काचपट्टीवर दिसतं ते आहे, दिसत नाही ते नाही. या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर करमणूक म्हणून वाचत आले आणि लिहिणाऱ्यांना मनातल्या मनात हसतही आले. आता माझी पाळी... हसा खुशाल.

बाबा गेले आणि आईचं जेवण सुटलं. दोन घास खायची, ताट सरकवायची. आठ महिन्यांत साडी अंगावर राहीनाशी झाली. रक्त मीच काढलं, रिपोर्ट मीच तयार केले. सगळे नॉर्मल! मला मनापासून भीती वाटायला लागली होती की हीसुद्धा जाणार, आणि मी हातात नॉर्मल रिपोर्ट घेऊन बघत बसणार.

मग एके दिवशी ती आपण होऊन म्हणाली, "मला खानीवरची ती घळ परत एकदा दाखीव."

दिघीच्या वरच्या पठारावर पूर्वी बॉक्साइटची खाण होती. बाबा तिथे ट्रक चालवायचे. खाण कधीच बंद पडली. आता त्याच वाटांवरून पर्यटकांना दिवसभर जीपमधून फिरवून आणतात. लोकांना धूळ खायची केवढी हौस! मी आमच्या दोघींचं बुकिंग केलं. मुरुडहून आगरदांडा, तिथून फेरीबोटीने खाडीपलीकडे दिघी. धक्क्यावर नाना जीप घेऊन उभे होते. साठीचे, वाळकुडे. तरुणपणी याच खाणीच्या ट्रकवर क्लीनर होते म्हणे. आईकडे निरखून बघत म्हणाले, "तुमी सदादादाची मंडळी न?"

आईने हसून मान डोलावली. सदादादा म्हणजे माझे बाबा.

सकाळ छान गेली. खाणीचे जुने खड्डे, त्यांत साचलेलं हिरवं पाणी, लालभडक कडा. साडेबाराच्या सुमारास रस्ता घळीत उतरला आणि पलीकडचा चढ लागला. दोन्ही बाजूंना दोन पुरुष उंच लाल भिंती, वर वाळलेलं गवत, मोबाइलला रेंज नाही. चढाच्या मध्यावर कडेला एक जीप मावेल एवढी खोबण होती. नानांनी जीप तिच्यात घातली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं? तापली का?"

"न्हाय. मागनं भरलेली गाडी वर येते. तिला वाट द्यायची."

"नाना, खाण बंद आहे."

"व्हय," नाना शांतपणे म्हणाले. "सवय हाय. पाच मिन्टं बसा."

भरलेला ट्रक त्या चढावर एकदा थांबला की परत उठायचा नाही, म्हणून रिकाम्या गाडीने खोबणीत थांबायचं, असा तिथला नियम होता. हे मला आईने सांगितलं. आठ महिन्यांत ती एवढं सलग बोलली नव्हती. "तुजे बाबा गाडी थांबवीत नसत. मी हितंच उभी ऱ्हायची. गाडी हलू हलू वर यायची, ते हात खाली सोडायचे, मी डबा वर करायची. एकदापन पडला न्हाय!"

मग सगळं गप्प झालं. ऊन, गरम सीट... मला गुंगी आली. झोप नाही – डोळे उघडे होते, पण अंग जड, गोड जड. तेवढ्यात जीप हलकेच डुलली. उभ्या गाडीशेजारून एखादं अवजड वाहन जातं ना, तशी. डिझेलचा वास आला. बघते तर आई खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभी, हातात आमच्या दुपारच्या जेवणाचा डबा, पिवळ्या फडक्यात बांधलेला. "आई, ऊन आहे, आत ये," असं म्हणायचं होतं, जीभ उचलेना. भीती मात्र अजिबात वाटली नाही, उलट फार सुखाचं वाटत होतं.

आईने हात वर केला. चढाच्या दिशेने तीन-चार पावलं झपझप चालली, चालत्या गाडीबरोबर चालावं तशी. मग हात खाली आला. रिकामा.

बुलबुल ओरडायला लागले. ते मघापासून गप्प होते, हे मला तेव्हा कळलं.

मी उडी मारून उतरले. गवत, गटार, भिंतीच्या फटी, सगळं शोधलं. डबा नाही, फडकंही नाही. माकडाने पळवला? असेल. पण दिसलं नाही हो एकही माकड. नाना जागचे हलले नाहीत. "गेली गाडी. निघूया आता," एवढंच म्हणाले.

परतताना फेरीवर आईने दोन वडापाव खाल्ले. बोटाला लागलेली चटणी चाटली आणि तिसरा मागितला. मी मोबाइलमध्ये बघण्याचं नाटक करत होते. शेवटी राहवेना. "आई, डबा कुणाला दिलास?"

"त्यांना," ती सहज म्हणाली. "विचारलं त्यांनी, पोर कुठं हाय? म्हटलं, जीपमदी झोपलीय. तर म्हनाले, झोपू दे, उठवू नको."

मी फेरीच्या कठड्याशी उभी राहून वेड्यासारखी रडले. मी झोपले नव्हते! दहा हातांवर जागी होते... आणि मला कुणीही दिसलं नाही.

आई आता पोटभर जेवते. वजनही वाढलंय. का, ते मी कुठल्याच रिपोर्टमध्ये लिहू शकत नाही.

मागच्या महिन्यात मी एकटीच पुन्हा गेले. नानांनी त्याच खोबणीत जीप घातली, इंजिन बंद केलं. मी डोळे ताणून रस्त्याकडे बघत बसले. ऊन, गवत, बुलबुल. काही नाही. पाच मिनिटं झाली, नानांचा हात चावीकडे गेला.

"अजून थोडं थांबा ना, नाना," मी म्हटलं.